चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

...आटत चाललीय हो, आटत चाललीय! माणसाची अक्कल दिवसेंदिवस आटत चाललीय, आणि हे मी आजचं नाही सांगत, वर्षानुवर्षं सांगतोय, घरात सांगतोय, ऑफिसात सांगतोय, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकडी करून सांगतोय, आणि लोक काय म्हणतात? "हो का?" बस्स! "हो का?" अरे, निदान विरोध तरी करा! पण विरोध करायलासुद्धा अक्कल लागते, ती आणणार कुठून? आमचे आजोबा... तुम्हाला सांगतो, अख्ख्या गावाची नाती तोंडपाठ, कोण कुणाचा साडू, कुणाची नणंद कुठे दिली, झोपेतून उठवून विचारा! वडिलांना निदान आमची गल्ली पाठ होती. आणि मला? मला शेजाऱ्याचं आडनाव त्याच्या दारावरची पाटी वाचून कळतं. मुलाचं तर विचारूच नका, बाहेर पाऊस पडतोय का ते तो मोबाइलमध्ये बघतो. खिडकीत बसून!

तर मुद्दा काय, त्या दिवशी माझी मुलाखत होती. प्रशिक्षण विभागाचा प्रमुख होण्यासाठी. त्या खुर्चीकडे डोळे लावून बसण्यात माझे केस गेले हो! बायकोनं शर्टाला दोनदा इस्त्री केली, दारात म्हणाली, "आज होऊ दे बाई एकदाचं." आणि मी विषय तयार केला होता, नीट ऐका हं, 'कर्मचाऱ्यांची घसरती आकलनशक्ती: कारणे आणि उपाय.' तयारी अशी की झोपेत बडबडत होतो. आणि विरोधात कोण? निवांतराव! त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसेल. हा माणूस "नमस्कार" म्हणायला लागला की आपण जाऊन पाणी पिऊन यावं, हा अजून "नम"वरच! "नमऽऽस्काऽऽर... कसंऽऽ काऽऽय..." हा विभागप्रमुख? मी म्हटलं, झालं आपलं काम.

मुलाखत सातव्या मजल्यावर. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही चौघं एकदमच आत शिरलो. एक मी. दुसऱ्या मोठ्या मॅडम, मुलाखत घेणाऱ्या! तिसरे बांधकाम विभागाचे इंजिनियरसाहेब, तेही मुलाखत घेणारे! आणि चौथ्या हिशेब विभागातल्या काकू, त्या आपल्या सातव्यावरच्या त्यांच्या टेबलाकडे निघालेल्या. मॅडम फाइल चाळतायत, साहेबांच्या कानाला फोन, काकू पर्समध्ये चष्मा शोधतायत, आणि मी मनातल्या मनात 'घसरती आकलनशक्ती' घोकतोय. दार बंद झालं. खाडकन एक हिसका बसला. आणि मग... काही नाही. लिफ्ट गप्प!

"बंद पडली वाटतं," मॅडम म्हणाल्या.

आता दारावर मजल्याचा आकडा दाखवणारी पट्टी असते ना? ती महिनाभर बंद. मग आपण आहोत कुठे? साहेबांनी भिंतीला कान लावला. डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो ना, अगदी तसं. म्हणाले, "चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आहोत आपण. उंचीमुळे कानात दडे बसलेत, जाणवतंय का?" आणि तुम्हाला सांगतो, जाणवले हो! चौघांचेही कान एकदम बंद! काकू कानात बोट घालून हलवायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "मला उंचीची आधीपासूनच भीती वाटते," आणि त्यांनी खालच्या फरशीकडे बघून डोळे मिटून घेतले.

काकूंनी बटणाकडे हात नेला. इथे मला वाटलं, हीच संधी! मॅडम बघतायत, साहेब बघतायत, नेतृत्वगुण दाखवायचे तर आत्ताच. मी ओरडलो, "थांबा! कोणीही कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही! बिघडलेल्या यंत्राला उलटसुलट हुकूम दिले तर ते बिथरतं!" साहेबांनी मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे." बरोबर आहे म्हणाल्या हो! मला तर त्या अंधाऱ्या... नाही, अंधार अजून व्हायचा होता, त्या उजेडातच मला खुर्ची दिसायला लागली. मग मी चौघांना चार कोपऱ्यांत उभं केलं, दोरावर भार सारखा पडावा म्हणून. काकू जरा वजनदार, म्हणून साहेबांना त्यांच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवून हातात मॅडमची फाइल दिली.

आणि दिवे गेले! पंखाही गेला! काळामिट्ट अंधार! काकू किंचाळल्या, "अगं आई गं!" आणि माझा दंड असा पकडला की अजून वळ आहेत. तुम्हाला सांगतो, तिथवर गंमत होती. तिथून पुढे गंमत संपली. श्वास लागायला लागला हो. चार माणसांचा श्वास एवढ्याशा पेटीत, आणि काकू रडत रडत म्हणतायत, "माझी मुलगी शाळेतून यायची आहे, किल्ली माझ्याकडे आहे, तिला दारात बसावं लागेल हो." मी त्यांना खाली बसवलं, सगळ्यांनाच चपला काढायला लावल्या, काकूंचा हात धरून म्हणालो, "काही होणार नाही काकू, मी आहे ना." पण आतून? खोटं कशाला बोलू, मी पार घाबरलो होतो.

मॅडमनी फोन लावला, स्वागतकक्षात. "आम्ही अडकलोय! चौथ्या-पाचव्याच्या मध्ये! लवकर या!" पलीकडची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, लगेच माणसं पाठवते मॅडम." मीही बायकोला लावला. म्हटलं, काय सांगावं, शेवटचंच असेल तर! "अगं, मी लिफ्टमध्ये अडकलोय, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, लोंबकळतोय, तू काळजी घे..." ती म्हणाली, "अहो, पण आधी तुम्ही..." आणि माझा फोन बंद! बॅटरी संपली! मॅडमनी लगेच आपला फोन पुढे केला. मोठ्या मनाची बाई. "घ्या, यावरून लावा. नंबर सांगा."

नंबर...

सांगतो ना. नऊनं सुरू होतो. पुढे... पुढे... संसाराला इतकी वर्षं झाली हो, रोज त्या नंबरवर बोलतो, पण तो नंबर फोनला माहीत, मला कुठे माहीत? मॅडम अंधारात माझ्याकडे बघत होत्या. दिसत नव्हतं, पण कळतं ना माणसाला! मी मनात म्हटलं, आटत चाललीय, आटत चाललीय... आणि पहिल्यांदाच ते म्हणताना मजा आली नाही.

एवढ्यात वरून आवाज. ठण्! मग ठण् ठण्! आणि कुठूनतरी लांबून अस्पष्ट हाका. साहेबांचा आवाज एकदम चिरकला, "दोर! दोर तुटतोय!" काकूंनी जी किंकाळी फोडली! मॅडमनी माझा हात धरला, मी साहेबांचा, साहेबांनी फाइल छातीशी, चौघं फरशीवर फतकल मारून एकमेकांना बिलगलेले, डोळे गच्च मिटलेले, आता पडलो, आता पडलो, आता...

दार उघडलं.

आपोआप. सुर्रकन! डोळ्यांवर लख्ख उजेड, आणि उजेडात उभा कोण? निवांतराव! एका हातात चहाचा कागदी कप. आमच्याकडे बघतोय. चौघं अनवाणी, घामाघूम, एकमेकांच्या गळ्यात. "नमऽऽस्काऽऽर," म्हणाला. "वऽऽर... चाललात?"

साहेबांनी हळूच विचारलं, "हा कितवा मजला?"

"हा? हा तऽऽळमजला."

निवांतराव आत आला, आमच्या चपला ओलांडून सावकाश उभा राहिला, बोट उचललं, आणि सातचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली की! अगदी गुण्यागोविंदानं निघाली! अहो, बिघडली होती कुठे? चौघं आत शिरलो, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं बटण दाबलंय! हिसका बसला तो दाराचा. आणि दिवे गेले ते? नंतर लिफ्ट दुरुस्तीवाला म्हणाला, "लिफ्ट नुसती उभी राहिली की ते आपलेआप जातात साहेब, वीज वाचायला." आणि ठण् ठण् करणारा? तोच! मॅडमनी चौथा-पाचवा सांगितला म्हणून बिचारा जिने चढून चौथ्यावर गेला आणि तिथलं दार ठोकून आम्हाला हाका मारत बसला!

आणि तळमजल्यावर इतका वेळ कुणीच कसं आलं नाही? आले हो, खूप आले. पण स्वागतकक्षातल्या मुलीनं बाहेर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावली होती. शहाणी माणसं ती वाचून जिन्यानं गेली. निवांतराव पाट्या वाचत नाही.

मुलाखत? झाली ना. मॅडम समोर, साहेब शेजारी. मॅडमनी विचारलं, "विषय?" मी म्हणालो, "कर्मचाऱ्यांची घसरती आकलनशक्ती." साहेब एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागले. मॅडमनी बराच वेळ पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं. मग हळूच म्हणाल्या, "उदाहरणं आहेत का काही?" आणि खुर्ची कोणाला गेली हे तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, नव्या विभागप्रमुखानं पहिल्याच दिवशी मला बोलावून घेतलं. "बसाऽऽ," म्हणाला. मी बसलो. "लिफ्टमध्ये एक... सूचना... लावूया. 'आत आल्यावर... बटण... दाबावे.' मजकूर... तुम्हीच लिहा. तुम्हाला... अनुभव आहे." त्यात टोमणा नव्हता हो! त्याला टोमणा मारताच येत नाही! हेच तर जास्त लागलं.

मुलाखतीच्याच संध्याकाळी घरी बायकोला विचारलं होतं, "फोनवर तू काहीतरी म्हणत होतीस, 'आधी तुम्ही'... काय ते?" भाजी चिरता चिरता म्हणाली, "काही नाही हो. आधी तुम्ही बटण दाबलंत का, एवढंच विचारणार होते."

तरी माझं मत बदललेलं नाही बरं का! आटत चाललीय म्हणजे आटतच चाललीय. फरक एवढाच पडलाय, पूर्वी उदाहरणं शोधायला मला सगळीकडे हिंडावं लागायचं. आता सकाळी दाढीला आरशासमोर उभा राहिलो की भागतं.