माळावरच्या खुळखुळ्याचं मूळ

मला थापाड्या म्हणायचं असेल, तर चहा संपल्यावर म्हणा. बेचाळीसच्या धामधुमीत मी आणि माझे चुलते तात्या, आम्ही पाटणजवळच्या माळावर दोन बंदुका पुरल्या आणि खुणेला वर पिवळ्या फुलांचं एक रानझुडूप लावलं. चार दिवसांनी बघतो तर एक कोटवाला नेमका त्याच झुडपापुढं उकिडवा बसलेला. खबऱ्याच, दुसरं कोण असणार?

तात्यांनी काठी पाठीमागं धरली. "काय चाललंय, पाव्हणं?"

"सांगलीला मास्तर आहे. रानफुलं गोळा करतो. हा ताग की खुळखुळा, ते बघतोय."

"ताग हाय. जावा आता."

"फूल दोघांचं सारखंच. पण ताग एका सालात मरतो, खुळखुळा मुळातून दरसाल फुटतो. मूळ बघायला हवं."

"मूळ कशाला? खुळखुळाच हाय त्यो."

"आत्ता तर ताग म्हणालात."

तात्यांची काठी पुढं आली. तेवढ्यात मास्तरानं झुडूप नुसतं धरलं, तर ते अलगद हातात आलं. मुळाला खुरप्याचा सरळ घाव. त्यानं त्या घावाकडं बघितलं, मग तात्यांच्या काठीकडं.

मग त्यानं झुडूप परत लावलं, माती दाबली आणि हळूच म्हणाला, "खुळखुळाच आहे. पण रोज पाणी घालत जा. वाळला तर फौजदारालाही ओळखू येईल."

तेव्हापासून सबंध तालुक्यात रानफुलाला घागरीनं पाणी घालणारे आमचे तात्या एकटेच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नवस हाय."