आजीचं कार्ड देवळात

शिस्तीचं मला सांगूच नका यार! मी कॉलेज सोडल्यापासून प्रत्येक जेवणात काकांचं त्यावर लेक्चर असतं. गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या देवळात आरतीला उशीर झाला, तर साहेबांनी गाडी सरळ अपंगांच्या जागेत घातली आणि आरशाला आजीचं अपंगांसाठीचं पार्किंगचं कार्ड लटकवलं. आजी घरी!

"काका, आजी सोबत नसताना हे चालत नाही."

"आधी डिग्री घे, मग मला कायदा शिकव."

तेवढ्यात पोलीसबाई आली. काका बिनदिक्कत म्हणाले, "आईचं कार्ड आहे. ती आत आरतीला बसलीय."

"मग फोन लावा तिला. स्पीकरवर."

काका निर्धास्त, कारण आजी फक्त मराठी बोलते. "आई, देवळात आहेस ना? हो म्हण."

"हो काय म्हणू? माझं कार्ड रोज देवळात जातं, मला मेल्या एकदा तरी नेलंस का?"

"काय म्हणाली?" पोलीसबाईने मला विचारलं. काकांनी डोळ्यांनी विनवलं. मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला.

दंड झालाच. वर बाईने बजावलं, "कार्ड वापरायचं तर आईला आणा."

आता रोज संध्याकाळी आजी चपला घालून गाडीत पुढे बसते आणि हॉर्न वाजवते.