खालच्या विभागाची बस

टेक्सासमधल्या बस अड्ड्यावर अमरिलोला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. मुलाच्या खांद्याला फुटबॉलचे बूट लटकत होते.

"विल्मर, एवढ्या मोठ्या क्लबचा राखीव संघ सोडून अमरिलोच्या खालच्या विभागातल्या संघात कोण जातं?"

"ज्याला खेळायचंय तो जातो, बाबा."

"मग इथे काय करत होतास?"

"काल मी दोन गोल मारले. टाळ्या कुणी वाजवल्या?"

"मी वाजवल्या."

"तुम्ही आणि मैदानाच्या माळ्याने. बाकी खुर्च्या रिकाम्या. हरलो तरी प्रशिक्षक म्हणतात, छान, शिकलात."

"मग शीक की. घेतील वरच्या संघात."

"दरवर्षी हेच ऐकतोय. दरवर्षी तयार खेळाडू बाहेरून आणतात. अमरिलोत हरलं की लोक गाडीपर्यंत शिव्या देत येतात."

"शिव्या खायला आणलं का तुला होंडुरासहून?"

"हरल्याचं कुणाला तरी वाईट वाटू दे ना."

"मी नाही येणार बघायला."

"नका येऊ."

ड्रायव्हरने तिकीट पाहिलं. मुलगा पायरी चढला.

"कुठे खेळवणार आहेत?"

"डावीकडे."

"उजव्या पायाच्या पोराला डावीकडे? गाढव आहेत लेकाचे. पहिल्याच दिवशी सांग त्यांना."