करडईत सोडलेले लाल किडे

...आन् किडे मारायला किडेच आणायचे, म्हणजे काय हो? तुम्हीच सांगा! रानात आधीचे किडे थोडे होते का? आमचे पुंजारामतात्या हेच इचारत होते, ओट्यावर बसून, आल्यागेल्या प्रत्येकाला, अन् मी शेजारीच राहतो म्हणून सगळं डोळ्यानं पाहिलेलं तुम्हाला सांगतो. फुलंब्रीच्या अलीकडं तात्यांचं रान, त्यात दोन एकर करडई, अन् करडईवर पडला मावा. मावा म्हणजे ते बारीक, काळं, कोवळ्या शेंड्याला असं लदबदून बसतं अन् रस पीत राहतं, पानं चिकट, झाड मलूल... अन् घरात वर्षाचं तेल त्याच करडईचं बरं का! तात्यांच्या बायकोला, साळूबाईकाकूंना, बाजारच्या तेलाचा वास जरी आला तरी ठसका लागतो. मग तात्यांनी औषधाचा पंप पाठीला लावला, निघाले तरातरा, तर धाकटी सून दारात आडवी. निशा तिचं नाव, शेतकीची डिग्रीवाली.

"तात्या, फवारू नका. मी ढालकिडे मागवलेत."

"काय मागवले?"

"ढालकिडे. लाल पाठ, वर काळे ठिपके. ते मावा खातात."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं अन् म्हणाले, "कायतरी गडबड हाय." पण फवारणार नाय असा शब्द देऊन पंप खाली ठेवला.

आलं पार्सल! खोक्याला बारीक भोकं पाडलेली, आत लाल लाल वळवळ. तात्या दोन हात लांब उभे. "मावा संपला की हे काय खातील? करडईच ना?"

"नाय तात्या, ते झाडपाला खात नाहीत. मांसाहारी हायेत."

"मांसाहारी!" तात्या आणखी दोन हात लांब. "अन् उद्या माणसाला चावले तर?"

काकू आतून म्हणाल्या, "तुम्हाला चावून त्यांना काय भेटणार हाय?"

संध्याकाळी निशानं किडे सोडले. दुसऱ्या दिवशी तात्या सकाळी सकाळी रानात, बादली पालथी घातली, वर बसले, चष्मा लावला, अन् नजर ठेवायला लागले, जणू मजूर लावलेत! दुपारी घरी येऊन तक्रार, "एक तर हलतच नाय. कामावर आला अन् झोपला." तिसऱ्या दिवशी तर लाजून लाजून सांगतात, "त्यातले दोघं... जाऊ दे, सुनंसमोर बोलायचं नाय. पण खायचं सोडून भलतंच चाललंय तिथं. कायतरी गडबड हाय!" आता किडा झाला म्हणून त्याला संसार नाय का? पण सांगणार कोण?

बारा-तेरा दिवस गेले. निशा माहेरी गेली, पुंडलिकनगरला, चार दिवसांसाठी. अन् नेमकं तवाच तात्यांना काय दिसावं? करडईवर काळे किडे! लांबुळके, अंगावर काटे, पाठीवर नारिंगी डाग, सहा पायांवर तुरुतुरु चालतात, बारकी मगरच म्हणा ना! एक नाय, दोन नाय, झाडाझाडावर! "बघा! म्हणत नव्हतो? लाल किडे दाखवून हे राक्षस घुसवले रानात!" फवारावं तर सुनेला शब्द दिलेला. मग काय, लोणच्याची रिकामी बरणी घेतली अन् बसले एकेक वेचायला. करडईचे काटे तुम्हाला ठाऊक हायेत? सुया असतात, सुया! ऊन डोक्यावर आलं, कललं, बोटांची चाळण झाली, पण माणूस हटला नाय.

निशा परत आली तवा दिवस मावळायला तासभर होता. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत तात्यांनी बरणी नाचवली. "बघ! तुझ्या पाहुण्यांनी काय आणलं!"

निशानं पाहिलं. अन् आधी बरणीचं झाकण उघडलं. "तात्या... ही त्यांचीच पिल्लं. मोठ्यांपेक्षा हीच जास्त मावा खातात."

मी आपला चपलीकडं बघत बसलो. काकूच म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपण झालं, अन् ह्यांनी लेकरं बरणीत भरली!"

"आधी सोडा त्यांना," निशा म्हणाली, "उपाशी राहिली तर एकमेकाला खातील."

तुम्हाला सांगतो, पासष्टीचा माणूस असा पळताना मी कधी पाहिला नाय! बरणी छातीशी, मागं निशा, मागं काकू, मागं मी. अन् सगळे मिळून त्याच काट्यांत, अंधार पडायच्या आत, एकेक पिल्लू शेंड्यावर ठेवतोय. काही मेली होती. तात्या तेवढी बाजूला काढत होते. मग एक पिल्लू त्यांच्या सोललेल्या बोटावरनं उतरेना. तात्या हळूच म्हणाले, "उतर बाबा. चूक झाली. तिकडं मावा हाय, खा."

अन् खाल्ला की हो! पंधरा-वीस दिवसांत शेंडे मोकळे, करडई पिवळी-केशरी फुलली, काकू तेलाचे डबे घासायला लागल्या. पण तात्या रानातनं आले ते तोंड पाडून. "किडे नाहीत. एक पण नाय. कायतरी गडबड हाय!"

तेवढ्यात फारूख आला. बांधापलीकडं त्याची फुलकोबी. "तात्या, वो लालवाले तुमचेच ना? सगळे हमारे कोबीपर येऊन बसलेत. नंतर म्हणाल फारूखनं पळवले, म्हणून आधीच सांगायला आलो."

"तुझ्या कोबीवर मावा हाय?"

"लई हाय."

"अस्सं! पार्सल आमचं, बोटं आमची सोलली, अन् पंगत तुझ्याकडं!"

"मग काय करू? हाकलू?"

तात्यांनी बांधावर जाऊन पलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "नको हाकलू. अन् पंप काढू नको. खायला संपलं की कोण थांबतंय रे घरात? आमचा थोरला नाय का जाऊन बसला कंपनीत, तिकडं लांब बजाजनगरला... हे निदान हाकेच्या अंतरावर तरी हायेत."