लॅपटॉप धुऊन काढला

...आणि वर मलाच विचारतात, हात कशाला लावलात! अहो, तुम्हाला सांगतो, यंत्र म्हटलं की या घरात माझा हात कोणी धरू शकत नाही. आता भिंतीवरचं घड्याळ उघडलं तेव्हा धरायला हवा होता असं सगळ्यांचं मत आहे, मिक्सरच्या वेळी तर शेजारचेही धावत आले होते... पण ते जाऊ द्या.

तर हा लॅपटॉप. जावयाने आणलेला. 'बाबा, ऑफरमध्ये मिळाला!' आता शिक्षण माझं सातवीपर्यंतचं, पण ऑफर आणि जावई दोन्ही उलटूनपालटून बघून घ्यावं एवढं मला कळतं. दिसायला गोरागोमटा, वजनाला पिसासारखा, आणि पोटात जागा? मुंगीच्या माहेराएवढी! चालू केला की कोपऱ्यात पाटी, जागा नाही. बंद करायला जावं तर, नवीन अपडेट आलंय पण जागा नाही. अरे, मग आलं कशाला? भरलेल्या बसचा कंडक्टरसुद्धा 'पुढे सरका' तरी म्हणतो!

माझं काय जात होतं? पण आमची ही त्यावर विणकामाचा क्लास घेते. बायका आपापल्या घरी सुया घेऊन बसलेल्या, ही पडद्यावरून सांगतेय, 'आता लोकर पुढे घ्या, आणि...' आणि ठप्प! हात वर, सुया हवेत, तोंड उघडं. तिकडे बायकांचा कल्ला, 'ताई, आणि काय? अहो ताई!' का? तर जागा नाही! हिला मध्येच गप्प करायची विद्या मला उभ्या संसारात साधली नाही, त्या डबड्याला पहिल्याच महिन्यात साधली. मनातून मी खूश होतो, खोटं कशाला बोलू... पण ही अगदी रडकुंडीला आली हो.

जावयाला फोन लावला. तो ऑफिसात, चोरासारखा कुजबुजतोय, 'बाबा, रीसेट मारा. सगळं पुसून नवं कोरं होईल.' मारला. तर काय म्हणतो? रीसेट करायला जागा नाही! ऐकलंत? जागा करायची तर आधी जागा पाहिजे! म्हणजे घर झाडायचं तर आधी शेजारी दुसरं घर बांधा!

पुन्हा फोन. 'मग बाबा, पेनड्राइव्हवरून करावं लागेल. पण आधी फोटोबिटो काढून घ्या हं.' फोटो माझे नाहीत, हिच्या स्वेटरांचे. हिची खोडच अशी, विणायचं आणि देऊन टाकायचं. कोणाला बाळ झालं, दे. कोणी थंडीच्या गावी निघालं, दे. नक्षी कधी लिहून ठेवणार नाही, डोक्यातून सुईवर आणि सुईवरून लोकांच्या अंगावर! एवढ्या वर्षांच्या विणकामातलं हिच्यापाशी उरलंय काय, तर ते फोटो, जुना मोबाइल मोडीत काढताना याच्यात घातलेले. मी ते सगळे, अगदी मन लावून, घरातल्या एकुलत्या एका पेनड्राइव्हवर घेतले आणि लॅपटॉपमधून पुसले. तेव्हा कुठे त्याच्या पोटात जरा जागा झाली.

आता, काम सरळ चाललं की मला करमत नाही. मी ओरडलो, 'अगं, फोटो गेले सगळे!' हिच्या हातातला लोकरीचा गुंडा थेट पलंगाखाली. चेहरा पांढराफटक... आणि मी खो खो हसत पेनड्राइव्ह नाचवला. 'शोभतं का या वयात!' म्हणाली. शोभतं म्हटलं!

मग नवी सिस्टिम उतरवून पेनड्राइव्हवर चढवायची होती. 'पेनड्राइव्ह लावा बाबा.' लावला. 'आता येईल त्याला हो म्हणत जा, मी मीटिंगला चाललो.' यंत्राने विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल? म्हटलं, चालेल काय, धावेल! सकाळपासून त्याच्याच तर मागे आहे! पूस! अहो, मला काय ठाऊक, ते लॅपटॉपबद्दल नाही, पेनड्राइव्हबद्दल विचारतंय? ज्या डब्यात दागिने ठेवले तोच डबा घासूनपुसून त्यात मी घर रंगवायचा चुना कालवला!

आणि काम तर असं फक्कड झालं! पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम चढली आणि लॅपटॉप नवरदेवासारखा उजळला. म्हटलं, चला, आता फोटो परत ठेवू. पेनड्राइव्ह उघडला. फोटो नाहीत. काढला, शर्टाला पुसला, फुंकर मारली, पुन्हा लावला. नाहीत. जावयाला फोन. 'बाबा... तुम्ही तोच लावलात?' आणि मग रिपोर्ट वाचून झालेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, 'गेले, बाबा.'

हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, 'फोटो गेले.' ही मान वर करेना. 'पुरे. एकदा हसून झालंय.' 'अगं, खरंच गेले.' 'हो का? मग तुम्हीही जा, दूध घेऊन या.' बघा म्हणजे! जन्मात कधी नव्हे ते खरं बोलतोय, तर गिऱ्हाईक नाही!

शेवटी मी हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. सुया खाली ठेवल्या. उठली, लॅपटॉपसमोर जाऊन बसली. स्वच्छ निळा पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची एक टोपली, तीसुद्धा रिकामी.

गप्प बसावं की नाही माणसाने? पण हे तोंड! म्हटलं, 'पण बघ तरी, जागा किती झालीय!'

तिने रिकाम्या पडद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली,

'झाली हो जागा. आता सांगा, ठेवू काय तिच्यात?'