भिंतीपलीकडची चंपा

(१९६३ साल. बेंगळुरातल्या कॉटनपेटेत एका अंगणाभोवतीची सहा घरं. हंबीररावांच्या दाराला कुलूप पाहून बेळगावचा कृष्णाजी शेजारच्या अंबूबाईंच्या उंबऱ्याशी आला आहे. हातातली ट्रंक खाली ठेवायचं त्याला सुचलेलं नाही.)

कृष्णाजी : कुलूप कसं काय? हंबीरराव दाजी वारल्याचं इथल्या मराठी मंडळाचं पत्र उशिरा मिळालं, नाहीतर तेराव्याला पोचलोच असतो. माझी बहीण कुठाय?

अंबूबाई : तुम्ही चंपाचे अण्णा ना? लग्नात बघितलेलं. या, आत या. स्वल्प कॉफी घ्या.

कृष्णाजी : कॉफी नको. तिला न्यायला आलोय. फौजेतनं सुटलो मी. आई गेली, आता आम्ही दोघंच. तिच्यासाठी खोली सारवून घेतलीय. परसात मोगरा लावलाय बघा, तिला आवडायचा.

अंबूबाई : अण्णा, चंपा इथं नाही. जाऊन सहा वर्षं झाली.

कृष्णाजी : सहा वर्षं? दर दिवाळीला पत्र यायचं की! चंपा खुशाल आहे म्हणून!

अंबूबाई : कुणाच्या अक्षरात?

कृष्णाजी : हंबीररावांच्या... बाई, जिवंत आहे ना ती?

अंबूबाई : आहे, जिवंत आहे. कुठं आहे तेही सांगते. पण आधी सगळं ऐकून घ्या. न ऐकता गेलात तर पुन्हा तेच कराल.

गुंडो : अंबू, कोण आलंय गं?

अंबूबाई : बाहेर या. चंपाचा भाऊ आलाय. अण्णा, हे आमचे यजमान, गुंडोजी. आपल्या मंडळाचे पंच.

गुंडो : बसा, कृष्णाजीराव. माणूस गेला. आता त्याच्यामागं वाईट कशाला बोलायचं?

अंबूबाई : तो होता तेव्हाही बोलू दिलं नाहीत. आज मी बोलणार. अण्णा, ही मधली भिंत. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पट्टा ऐकू यायचा, तिचं रडणं ऐकू यायचं. पुढंपुढं रडणं थांबलं, नुसता पट्टाच. अंगणातली दारं एकेक करून लागायची. मी जात्यावर बसायची. दळायला काही नसलं तरी.

कृष्णाजी : आणि कुणी पोलिसात गेलं नाही?

गुंडो : पोलिसात कसं जाणार? या शहरात आपण मूठभर. हंबीरराव मंडळाचे चिटणीस. वाचनालय त्यांचं, शिवजयंती त्यांची. तरी ती मंडळात आली तेव्हा आम्ही नऊ जणांनी तिचं ऐकून घेतलं की.

अंबूबाई : ऐकून घेऊन काय केलंत?

गुंडो : समजूत काढली.

अंबूबाई : समजूत! अण्णा, माझ्या हातून तिची ओटी भरवली यांनी. खण, नारळ, सगळं. मी कुंकू लावलं नि म्हटलं, जा गं बाई, संसारात असं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मारानं तिचा डावा कान गेलेला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. म्हणून पुन्हा म्हटलं. मोठ्यानं.

गुंडो : आमच्या क्षमाचं लग्न ठरत होतं तेव्हा. स्थळ हंबीररावांनीच आणलेलं. मी तोंड उघडलं असतं, तर मोडलं असतं ते. ...तुम्हाला मुली नाहीत, कृष्णाजीराव.

कृष्णाजी : बहीण होती.

अंबूबाई : ती तुमच्याकडं आली होती ना? घर सोडलं त्याच्या आदल्या दिवाळीला?

कृष्णाजी : आली होती. पाठ उघडी करून दाखवली मला. माझी रजा चार दिवसांची. आई अंथरुणाला खिळलेली. म्हटलं, मी बोलतो दाजींशी. मीच गाडीनं आणून सोडली तिला. हुबळीला केळी घेऊन दिली, तर खाल्ली नाहीत. पदरात धरून बसली. इथं स्टेशनवर हंबीररावांनी मला हार घातला. मग मी काहीच बोललो नाही, बाई. वर बर्फात पहाऱ्याला उभा असायचो, तेव्हा मनातल्या मनात तेच बोलायचो जे त्या दिवशी बोलायला हवं होतं.

अंबूबाई : ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. दारावर कोथिंबीर विकायला यल्लव्वा यायची. तिनं तिला बसमध्ये घातलं नि आपल्या घरी आनेकलला नेलं. अजून दोघी एकत्र राहतात. हातमागवाल्यांसाठी रेशमाच्या कांड्या भरते चंपा.

कृष्णाजी : यल्लव्वा आपल्यातली?

अंबूबाई : नाही. कोणी लागतही नाही तिची.

गुंडो : आनेकल? अंबू, तुला माहीत होतं?

अंबूबाई : महिन्याच्या महिन्याला बनशंकरीला म्हणून जाते ना मी, ते तिकडंच. पहिली दोन वर्षं तिनं दार उघडलं नाही.

कृष्णाजी : माझं नाव काढते कधी?

अंबूबाई : खोटं कशाला सांगू? नाही.

कृष्णाजी : ...बस कुठून सुटते?

अंबूबाई : कलासिपाळ्यातून. पण अण्णा, दारात उभं राहून 'चल घरी' म्हणू नका. 'आत येऊ का' म्हणून विचारा.

कृष्णाजी : आणि नको म्हणाली तर?

अंबूबाई : तर सरी म्हणा, बरं म्हणा. तिचं 'नको' आपल्यातल्या कुणी कधी ऐकलेलं नाही. तिच्या दाराबाहेर कट्टा आहे.

कृष्णाजी : बसतो मी.