जहाजाच्या पोटावरची रेघ

हसा, हसा! तुमचं काय जातंय? तुमच्या जेवायच्या टेबलावर लढाईचं जहाज थोडंच उभं आहे! माझ्या आहे. हातभर लांब, काडीएवढ्या तोफा, वर करडं, बुडाला लाल, आणि त्या दोन रंगांच्या मधून, पाणी जिथवर चढतं तिथून, काळी रेघ मारायची... मोकळ्या हातानं, चिकटपट्टी लावायची नाही... आणि कानाशी आमच्या ह्यांचा जप चालू, "रेघ हलली की संपलं!" अहो, काय संपलं? जहाज संपलं, की मी?

तुम्हाला सांगते, माझी शाळा चौथीत सुटली, पण भीती कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या ह्यांनी सत्तावीस वर्षं गोदीत खरी जहाजं रंगवली. दोरांना टांगलेली फळी, खाली काळं पाणी, आणि हे वर बसून शीळ घालत रेघ ओढणार. सत्तावीस वर्षं रोज जिन्यात पावलं वाजली की मगच माझा जीव खाली पडायचा. मग गेल्या वर्षी हात थरथरायला लागला. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. मुकादमानं बघितलं, फळीवरून उतरवलं नि रंगाचे डबे ढवळायला बसवलं. झालं! हे घरी यायचे ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि मी... खोटं कशाला बोलू? मी मनातून सुटले होते!

एक दिवस हे बगलेत हे जहाज घेऊन आले. "साहेबांच्या खोलीत ठेवायचंय. मुकादमानं विरंगुळा म्हणून दिलंय." म्हटलं, बरं झालं, भिंतीकडची मान तरी वळली. पॉलिश पेपर झाला, प्रायमर झाला, करडा झाला, लाल झाला, राहिली रेघ. हे सकाळी चार बोटं रेघ मारायचे, जेवायचे, झोपायचे. मी जाऊन बघते तर काय... रेघ कसली, गांडूळ! उठून हे बघणार, पुन्हा भिंत! मी तीस वर्षं पँटींची काजं करते हो, माझा हात हलत नाही. टर्पेंटाइनचा बोळा घेतला, ओलं गांडूळ पुसलं, श्वास कोंडला नि मारली रेघ. हे उठले, चष्मा लावला. "अगं, बघितलंस? ओली असताना वाकडी दिसते, वाळली की सरळ होते!"

"होत असेल हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पंधरा दिवस हेच. हे झोपायचे, मी चोरासारखी पुसायची. एक बाजू झाली, दुसरी संपत आली, आणि एक दिवस जेवताना हे म्हणतात कसे, "मुकादमाचा शब्द आहे. दोन्हीकडची रेघ सरळ आली, की सोमवारपासून फळीवर."

घास तोंडात तसाच! "कुठल्या फळीवर?"

"टांगलेल्या. आणि कुठल्या?"

अहो, मी काय करून बसले होते? स्वतःच्या हातानं नवऱ्याला मरणावर चढवत होते! म्हणे रेघ हलली की संपलं... इथं नाही हलली तर संपलं होतं! त्या दुपारी ठरवलं, आज वाकडीच मारायची, गांडूळ कसलं, सापच काढते! ब्रश उचलला, आतल्या खोलीकडे कान लावला. चिडीचूप! एरवी हे घोरले की शेजारीण भिंत बडवते, आणि आज घोरणं नाही, कूस बदलणं नाही... म्हटलं, फळीशिवायच गेले की काय! डोकावले. श्वास चालू होता. परत आले, ब्रश टेकवला, नि डोळ्यांपुढे ते भिंतीकडे वळलेलं तोंड. मेल्या हातानं दगा दिला! सरळ गेली हो रेघ... दोऱ्यासारखी!

शनिवारी हे जहाज तान्ह्या बाळासारखं चादरीत गुंडाळून निघाले. मी खिडकीत. देवा, रस्त्यातच बुडव एकदाचं! दुपारी जिन्यात पावलं वाजली.

"काय म्हणाला मुकादम?"

"म्हणाला, रेघ फळीच्या लायकीची आहे. सोमवारी ये."

मी खुर्ची धरली.

"रस्ताभर ठरवत होतो, बोलायचं नाही, चढायचं," हे चपला काढत म्हणाले. "मग चादरीची गाठ सोडताना हात असा काही हलला... म्हटलं, मुकादम, ज्या हाताची ही रेघ आहे तो हात फळीवर यायचा नाही. स्टुलावर चढला तरी त्याला घेरी येते."

"म्हणजे तुम्ही... झोपत नव्हता?"

"टर्पेंटाइनचा वास घरभर. झोप कुठली?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर थांबली असतीस."

मी पदर तोंडाशी धरून बसले ती बसलेच. म्हटलं, सुटलो दोघंही! कसलं काय! सोमवारी मुकादमानं दुसरं जहाज धाडलं, पहिल्याहून लांब. "वहिनींनाच द्या" म्हणाला. आता हे दुपारी झोपतच नाहीत. हात मांडीखाली दाबून समोर बसतात, आणि मी ब्रश टेकवला रे टेकवला की... "श्वास कोंड! रेघ हलली की संपलं!"

तीस वर्षं काजं केली, कधी झालं नाही ते आता व्हायला लागलंय... हा बघा, माझा हात थरथरतोय!